लाखोळीचं पहिलं पाणी

जेवणं आटोपून ताटं स्वयंपाकघरात परत आली की भिवराबाई ती लगेच घासायला टाकत नसे. मागच्या पायरीवर उजेडात बसून ती एकेक ताट मांडीवर घ्यायची आणि वाचायची. वाचायची असंच म्हणतो, कारण दुसरा शब्द नाही. अक्षर तिला एकही येत नव्हतं. पण ताटाच्या कोणत्या कडेला काय उरलं, हाडाला मांस किती राहिलं, रस पुसून खाल्ला की तसाच सोडला, यावरून ती उद्याचं जेवण ठरवायची. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते असं ताट वाचतानाच. मी नवा कारकून, हातात पत्र्याची ट्रंक, कुणाला काय विचारावं कळत नव्हतं. तिने मान वर न करता सांगितलं, "साहेब दवाखान्यात हायेत जी. अन् बाईचं आज बरं नाई दिसत. बटाटा तसाच ठेवला."

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, सागवानाच्या जंगलात, एका मिशनचा लहानसा दवाखाना होता. तो आता नाही, म्हणून नाव लिहीत नाही. डॉक्टर अमेरिकेचे, मुख्य नर्स कॅनडाच्या. डॉक्टरांना आम्ही नुसतं साहेब म्हणायचो, नर्सना एल्सीबाई. माझं घर वरोऱ्याकडचं, वऱ्हाडाला लागून असलेल्या ज्वारी-कापसाच्या मुलखातलं. मॅट्रिक झालो होतो, इंग्रजी बरं होतं, म्हणून पत्रं लिहिणं आणि दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. वय तेवीस. आज मी नव्वदीला टेकलो आहे, आणि भिवराबाईबद्दल जे लिहायला हवं होतं ते आता लिहितो आहे.

ती तेव्हा पंचेचाळिशीची असेल. सागाचा ओंडका अंगावर येऊन नवरा गेला आणि आधीच्या डॉक्टरांच्या बायकोने तिला स्वयंपाकघरात घेतलं. ती गावाबाहेरच्या वस्तीतली होती. त्या वस्तीची विहीर वेगळी होती. माझ्या घरच्यांनी तिच्या हातचं पाणीही घेतलं नसतं. हे इथेच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

गावात दोन्ही गोऱ्यांना अमेरिकन म्हणत. एल्सीबाई दर वेळी हळूच दुरुस्ती करत, "मी अमेरिकन नाही, मी कॅनडाची." साहेब मोठ्याने हसत. म्हणत, कॅनडा म्हणजे आमच्याच घराचा माळा, वर सामान ठेवतो आम्ही. एल्सीबाईंचे कान लाल होत, पण त्या हसून घेत. आम्हीही हसायचो. एकदा मी स्वयंपाकघरात हा विनोद पुन्हा सांगितला तर भिवराबाईने पळी खाली ठेवली.

"हासता काऊन बाबू? तुमाले कोनी झाडीचे म्हटलं त चालते का?"

"मी कशाला झाडीचा? झाडी म्हणजे हा इकडचा धानाचा मुलूख. मी वऱ्हाडातला."

"मंग! नागपूरवाल्यायले आपन सारे सारखेच. जंगलातले. तुमी भाकरीवाले, मी भातवाली, हे त्यायले कुठी माहीत? थे बाई सांगून राह्यली का मी येगरी हाओ, त येगरी समजा ना तिले."

तिने त्यांना वेगळं समजून घेतलं, आणि ते ताटावरून. "साहेबाचं तोंड बोलते, बाईचं ताट बोलते," हे तिचं पहिलं सूत्र. साहेबांना काही आवडलं नाही तर ते टेबलावरूनच ओरडत. आवडलं तर दारात येऊन टाळ्या वाजवत आणि ती दर वेळी दचके. एल्सीबाई कधी काही म्हणायच्या नाहीत. मीठ जास्त झालं तरी छान, कच्चं राहिलं तरी छान, आणि वर स्वतःच माफी मागायच्या. त्यांचं खरं मत फक्त मागच्या पायरीवर कळायचं.

साहेब कॉफीवाले, बाई चहावाल्या. बाईंची किटली आधी कढत पाण्याने विसळून गरम करावी लागे. साहेब उन्हाळ्यात कधी चहा मागत, पण गार, भरपूर साखरेचा, माठात ठेवून थंड केलेला. यावर भिवराबाईचं मन कधी बसलं नाही. "थंडाच प्याचा होता त तापवला काऊन?" तळलेल्या बटाट्यावर बाई शिरका शिंपडत, साहेबांना टमाट्याची चटणी लागे. साहेब मांस आधी कापून घेत, सुरी खाली ठेवत आणि काटा उजव्या हातात घेऊन खात. बाईंचा काटा डाव्या हातातून हलत नसे. पाहुणे आले की ती दाराच्या फटीतून बघून मला सांगायची, "हा पावना साहेबाच्या देशचा. खाताना हात बदलते." ती सहसा चुकत नसे.

साहेब त्यांच्या देशाच्या दक्षिणेचे. त्यांना मक्याची बिनसाखरेची भाकर हवी, ताक हवं, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी बरबटीची, म्हणजे चवळीची, उसळ हवीच. ती खाल्ली की वर्ष बरं जातं अशी त्यांची समजूत. भिवराबाईला हे ऐकून केवढा आनंद झाला. "मक्याची भाकर, ताक, बरबटी! हे त आपल्याच इकडचे निंगाले जी. कोन्या जन्मी रस्ता चुकून तिकडं गेले."

दोघांचाही एक सण होता, पीक घरात आलं म्हणून देवाचे आभार मानायचा. बाई तो ऑक्टोबरात करत, साहेब नोव्हेंबरच्या शेवटी. दोनदा कोंबडा, दोनदा लाल भोपळ्याचं गोड. आमचे कंपाउंडर गोविंदराव म्हणायचे, "एकच देव, अन् त्याले दोन डाव जेवण. मजा आहे." साहेबांनाही बाईंचं लवकर उरकणं हा पोरखेळ वाटे. असं का, हे कुणी विचारलं नाही. भिवराबाईने भोपळा चिरता चिरता उलगडून टाकलं, "बाईच्या मुलखात थंडी जास्त असन. पीक लवकर काढा लागत असन. जंगलातल्या माडिया लोकायच्या गावात नाई का, जवा ज्याचं धान पिकते तवा त्याचा नवा सण. या गावचा आज, त्या गावचा पंधरा दिवसानं." मी हे एल्सीबाईंना इंग्रजीत सांगितलं.  त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांत या देशात जिला हे मला समजावून सांगावं लागलं नाही अशी ही पहिली बाई."

एल्सीबाईंचे वडील लाकूडतोड्यांच्या तळावर स्वयंपाकी होते. चार महिने बर्फ, चारशे मैल जंगल, आणि एका पातेल्यावर पन्नास माणसं, असं त्या सांगत. त्यामुळे दुपारी वेळ मिळाला की त्या स्वयंपाकघरात स्टूल घेऊन बसत. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मी मध्ये बसून अर्थ सांगे. पुढे पुढे माझी गरज कमी होत गेली.

आता माझं सांगतो. पहिल्या पावसाळ्यात मला हिवताप झाला. खोलीत एकटा पडलो होतो. तिसऱ्या दिवशी दाराशी पातळ पेज आणि त्यावर झाकण. दुसऱ्या दिवशी पुन्हा. भिवराबाई ठेवून निघून जात होती. मी खाल्ली. बरा झाल्यावर माझं मीच रांधायला लागलो, पण करपलेल्या भाकरीला कंटाळून एके दिवशी स्वयंपाकघराच्या मागे जाऊन उभा राहिलो. तिने काही विचारलं नाही. लाकडाच्या ढिगावर ताट ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून चुलीपुढे बसली.

"बाबू, तुमी खाल्लं थे माह्या चुलीले माहीत. मले काई माहीत नाई."

त्यानंतर दोन वर्षं मी तिच्याच हातचं जेवलो. ती दर वेळी पाठ करायची, म्हणजे पाहिलं असं कुणाला सांगायची पाळी नको. घरी मी लिहीत होतो, हाताने करून खातो, प्रकृती उत्तम.

एल्सीबाईंना सगळ्यात जास्त आठवण यायची ती पिवळ्या वाटाण्याच्या सुपाची. तळावरच्या माणसांचं ते रोजचं अन्न. दाट, चमचा उभा राहील असं, त्यात खारवलेलं डुकराचं मांस. मी नागपूरला लिहून वाटाणे मागवले, पण हिरवे आले. त्यांची चव बाईंना लागेना. त्या म्हणाल्या छान, आणि ताटात अर्धं उरलं.

भिवराबाईने मला विचारून विचारून त्या वाटाण्याचा रंग, वास, शिजल्यावर कसा होतो ते सगळं काढून घेतलं. मग म्हणाली, "हे त लाखोरीसारखं दिसते."

लाखोळी, तिच्या बोलीत लाखोरी, धानाच्या कापणीआधी ओल्या बांधीत, म्हणजे खाचरात, बी फेकून देतात आणि ती आपोआप येते. स्वस्त डाळ, गरिबांची. आणि ती खाऊन पाय जातात, लुळे पडतात, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक. मी तेच म्हटलं.

"ज्याले लाखोरीबिगर काईच भेटत नाई, सा सा महिने, त्याचे पाय जातेत बाबू. भूक पाय नेते अन् नाव लाखोरीचं होते." मग तिने मला रीत दाखवली. कढत पाण्यात डाळ भिजवायची, ते पाणी फेकायचं. पुन्हा कढत पाणी, पुन्हा फेकायचं. मग शिजवायची. "लाखोरीचा राग पयल्या पान्यात निंगते. थे पानी फेका, मंग लाखोरी गाय हाय."

चुलीवर धुरावलेलं रानडुकराचं मांस तिने त्यात घातलं. एल्सीबाईंनी पहिला चमचा तोंडात घेतला आणि डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. साहेबांनी चव घेऊन, हे दात नसलेल्यांचं जेवण, असं जाहीर केलं. पण बाईंचा वाडगा पावाच्या तुकड्याने पुसून, धुतल्यासारखा परत आला. भिवराबाई तो बराच वेळ मांडीवर घेऊन बसली. "आज बाईचं ताट मोठ्यानं बोललं," एवढंच म्हणाली.

मग दर शनिवारी लाखोळी. बाई एक वाडगा खात, फार तर दोन. साहेब शिवत नसत. उरलेलं पातेलं माझं. शनिवारी, रविवारी, कधी सोमवारीही. त्या दवाखान्यात एल्सीबाईंपेक्षा दुपटी-तिपटीने जास्त लाखोळी खाल्लेला माणूस एकच होता, आणि तो मी होतो.

तिसऱ्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आधी, आसपासच्या गावांतून तापाची मुलं यायला लागली. काहींचा ताप उतरला पण हात किंवा पाय लुळा पडून राहिला. एल्सीबाई त्या मुलांच्या खोलीतच असत. त्या शनिवारी धो धो पाऊस होता. मी मागच्या पायरीवर बसलो होतो. भिवराबाईने भिजल्या लाखोळीचं पाणी दारातून फेकलं, ते गरम पाणी पायरीवरून माझ्याकडे वाहत आलं आणि मी पाय वर घेतले. हे मला आजही दिसतं. तिने मागे वळून, "भाजलं काजी?" असं विचारलंही.

बुधवारी एल्सीबाईंना ताप भरला. मान ताठ झाली. रविवारी त्यांचा उजवा पाय उचलेना, सोमवारी डावा. साहेबांनी त्यांना जीपमध्ये गादीवर निजवलं, वडशाला नेऊन तिथून रेल्वेने नागपूर गाठायचं ठरवलं. जीप निघताना भिवराबाई धावत आली आणि एक झाकणाचा डबा बाईंच्या उशाशी ठेवला. बाईंनी तिचा हात धरला. गोविंदरावांनी विचारलं, "काय दिलं डब्यात?"

"लाखोरी जी. बाईले आवडते."

 संध्याकाळपर्यंत सगळ्या आवारात ते पसरलं होतं. बाईंचे पाय गेले, आणि भिवराबाई त्यांना दोन वर्षं लाखोळी खाऊ घालत होती.

आठवड्याने मिशनच्या कचेरीतले एक सचिव आले. ते डॉक्टर नव्हते. साहेब अजून एल्सीबाईंबरोबरच होते. व्हरांड्यात टेबल टाकलं. सचिव खुर्चीवर, गोविंदराव उभे, भिवराबाई पायरीच्या खाली, मी दुभाषा म्हणून मध्ये. गोविंदरावांनी सांगितलं की ही डाळ इकडे ढोरांना घालतात, हिने माणूस लुळा होतो, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसं खरंच वाटत होतं. गोविंदराव माझ्या जातीचे, लांबच्या नात्यातले. त्यांच्या पुतणीशी माझं लग्न महिन्यापूर्वीच ठरलं होतं.

सचिवांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस न्यायी होता. त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो नेमका होता, "या आवारात दुसऱ्या कुणी ही डाळ खाल्ली आहे का?"

प्रश्न मला नव्हता, तिला होता. मी तो मराठीत सांगायचा होता. मी सांगितला.

भिवराबाई माणसाच्या तोंडाकडे कधी बघत नसे. त्या दिवशी तिने पाहिलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग गोविंदरावांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. काय वाचलं कोण जाणे. मी एक शब्द बोललो असतो, माझे दोन पाय दाखवले असते, तर तिथेच सगळं संपलं असतं. माझी जीभ हलली नाही. मग तीच बोलली.

"नाई जी. माह्या हातचं कोन खाईन? बाबू त वऱ्हाडातले हायेत. आपल्या हातानं रांधतेत."

मी हे वाक्य इंग्रजीत सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. आयुष्यात इतकं बिनचूक भाषांतर मी दुसरं केलं नसेल.

तिला त्याच दिवशी काढलं. तिने सगळी भांडी घासली, चूल सारवली आणि मागच्या पायरीवर येऊन उभी राहिली. मी तिथे होतो. ती रागावली असेल असं मला वाटलं होतं. तिला वेगळंच विचारायचं होतं.

"बाबू, त्या पावसाच्या शनवारी पयलं पानी फेकलं होतं ना मी? मले याद नाई येऊन राह्यली."

ज्याने पाय वर घेतले होते तो मी तिच्यापुढे उभा होतो. गोविंदराव औषधांच्या खोलीच्या दारात उभे होते, ऐकू येईल एवढ्या अंतरावर. मी म्हणालो, "फेकलं असेल."

"असन," ती म्हणाली, आणि निघून गेली.

तीन आठवड्यांनी साहेबांचं पत्र आलं, मुंबईहून, माझ्या नावाने. एल्सीबाईंना घेऊन ते बोटीने परत चालले होते. त्यांना सगळं कळलं होतं आणि ते चिडले होते. लिहिलं होतं की बाईंचे पाय तापाने गेले. मुलांच्या खोलीत जो ताप होता तोच हा. नागपूर-मुंबईच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं आहे. लाखोळीचा काही संबंध नाही. भिवराबाईला परत बोलावण्याबद्दल कचेरीला ते वेगळं लिहीत होते. आणि खाली, वाकड्यातिकड्या अक्षरात, एल्सीबाईंनी स्वतः दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या फक्त भिवराबाईसाठी होत्या. मी त्या तिला वाचून दाखवाव्यात अशी विनंती होती.

कचेरीला गेलेल्या पत्राचं काय झालं मला माहीत नाही. दवाखान्यात तोवर दुसरा स्वयंपाकी आला होता. पण माझ्या हातातल्या पत्राचं काय झालं ते मला माहीत आहे. मी ते फाइलला लावलं. मग फाइलमधून काढून ट्रंकेत ठेवलं. त्या वस्तीत जायचं, तिच्या अंगणात बसायचं, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. मग कुणीतरी विचारणार, बाबू तुम्ही इथे कसे, तुमचा हिच्याशी काय संबंध. लग्नाला दीड महिना होता. लग्नानंतर जाऊ, असं मी ठरवलं.

लग्न झालं. मी सरकारी नोकरीत चांद्याला गेलो. मुलं झाली. अधूनमधून कानावर यायचं की गावात तिच्याबद्दल बोलतात, गोरीचे पाय हिनं खाल्ले म्हणतात. वस्तीतल्या लग्नांत पूर्वी तिला रांधायला बोलवत, आता बोलवत नाहीत. मग ती मुलीकडे वडशाला राहायला गेली असं कळलं.

आठ-नऊ वर्षांनी कामानिमित्त वडशाला गेलो. हिवाळ्याचे दिवस, गावभर नाटकांचे फलक लागलेले. पत्र मी मुद्दाम खिशात घेतलं होतं. भाताच्या गिरणीमागे तिचं घर सापडलं. ती वाळली होती, पण मला लगेच ओळखलं. "अरे, बाबू! या जी, या." मुलीने खाट टाकली. माझं काय, पोरं किती, बायको कुठली, सगळं विचारून झालं. मग हळूच म्हणाली, "बाई चालतेत काजी आता?"

हात खिशाकडे गेला. नऊ वर्षं मी ते का दिलं नाही, हे आधी सांगावं लागणार होतं.

"माहीत नाही बाई," मी म्हणालो. "काही कागद आला नाही."

जेवल्याशिवाय ती सोडेना. भात आणि चिंचेचं सार होतं. मी सहज विचारायचं म्हणून विचारलं, लाखोळी नाही का केली? ती चुलीकडे वळली. मुलगीच म्हणाली, "आई लाखोरी नाई रांधत जी. पयले दोनदा पानी फेके. मंग तीनदा, चारदा, पाच-पाचदा फेके. रडे अन् फेके. मंग सोडूनच देल्ली. आमच्या घरात लाखोरी येत नाई."

तिने माझ्यापुढे ताट ठेवलं आणि जुन्या सवयीने पाठ करून बसली. आता तिथे ज्याच्यापासून लपवावं असं कुणी नव्हतं, तरी पाठ केली. मी तिच्या पाठीकडे बघत जेवलो. पांढऱ्या केसांचा लहानसा अंबाडा होता.

झाल्यावर तिने ताट उचललं, दारात उजेडात नेलं आणि मांडीवर घेतलं.

"काई तरी राह्यलं तुमचं बाबू."

"पोट भरलं, बाई."

"नाई जी. पोटाचं नाई हे." ती ताटाकडेच बघत होती. "ज्याले भूक नाई थो कडेचा भात सोडते. तुमी मधातला सोडला."

मी चप्पल घातली आणि निघालो. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. मला दोन वर्षांनी कळलं.

माझी बायको मागच्या वर्षी वारली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. गोविंदराव तर केव्हाच गेले. म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचं होतं ते कुणी उरलं नाही, तेव्हा मी हे लिहितो आहे. मी म्हातारपणी शूर झालो असा समज कुणी करून घेऊ नये.

पत्र अजून माझ्याकडे आहे. एल्सीबाईंच्या त्या दोन ओळी अशा आहेत: "भिवराबाई, तुझ्या डाळीने माझं काही वाईट केलं नाही. या देशात मला घरच्यासारखं वाटलं ते फक्त शनिवारी."

आणि सचिवांनी विचारलं होतं, या आवारात दुसऱ्या कुणी ही डाळ खाल्ली आहे का?

होय. मी खाल्ली आहे. दोन वर्षं, शनिवारी, रविवारी आणि कधी सोमवारीही, भिवराबाईच्या हातची, स्वयंपाकघरामागच्या लाकडांच्या ढिगाजवळ उभं राहून. त्या पावसाच्या शनिवारीही खाल्ली. तिने पहिलं पाणी फेकलं होतं, आणि दुसरंही. मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आज सकाळी मी काठी न घेता चौकापर्यंत चालत जाऊन आलो.